माफी शहरानेच मागायला हवी होती

1 जुलै 2021 रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी ओस्टरपार्कमध्ये जाहीर माफी मागितली. गुलामांच्या व्यापारात शहराने घेतलेल्या सहभागाबद्दल ती माफी होती. त्यावर टीका झाली, अजून होते. टीकाकारांचा सर्वांत वजनदार मुद्दा असा की, गुलाम आणि त्यांचे मालक दोघेही केव्हाच गेले. मग आजच्या करदात्यांनी, ज्यांत सुरिनामच्या गुलामांचे वंशजही आहेत, दुसऱ्यांच्या पापाची माफी का मागावी?

पाप रक्तातून उतरत नाही, हे मान्यच आहे. जन्मावरून माणसाला दोषी ठरवण्याची रीत किती क्रूर असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पण इथे माफी कोणा वंशाने मागितलेली नाही, एका संस्थेने मागितली आहे. 1683 साली दक्षिण अमेरिकेतील सुरिनामची डच वसाहत चालवण्यासाठी सोसायटी स्थापन झाली. तिचे समान भागीदार तीन: डच वेस्ट इंडिया कंपनी, व्हान आर्सन व्हान सोमेल्सडाइक घराणे आणि अ‍ॅमस्टरडॅम शहर. ही सोसायटी 1795 पर्यंत चालली. कंपनी संपली, शहराची संस्था मात्र टिकून आहे. जुनी मालमत्ता आणि जुने करार ती आपले म्हणून सांभाळते. मग जुन्या भागीदारीची जबाबदारी तेवढी कशी झटकता येईल?

महापौरांचे अधिकृत निवासस्थान पाहा. हेरेनग्राख्त कालव्यावरचे 502 क्रमांकाचे ते घर पाउलुस गोडिनसाठी बांधले गेले. गोडिन वेस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता, गुलामांच्या व्यापारात होता. हे सांगणारी पाटी तिथे 2006 साली बसवली गेली. ज्या घरात महापौर राहतात, त्याचा इतिहास महापौरांनी बोलायचा नाही, तर कोणी?

महापालिकेने रस्ते आणि घरे बघावीत, इतिहासात पडू नये, असेही म्हटले जाते. रस्त्यांना नावे देणारी, चौकात पुतळे उभारणारी महापालिका इतिहासात आधीपासूनच पडलेली असते.

‘अखेर आम्हीच गुलामगिरी बंद केली ना!’ हा युक्तिवाद मात्र बारकाईने तपासला पाहिजे. 1 जुलै 1863 ला डच कायद्याने मुक्ती आली. सुरिनाममध्ये मळेवाल्यांना माणशी 300 गिल्डर भरपाई मिळाली. राबणाऱ्याला छदामही नाही. उलट, कामाच्या वयातील स्त्रीपुरुषांवर आणखी दहा वर्षे करार करून काम करण्याची सक्ती होती. ती 1873 मध्ये संपली, आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून ‘लाला रूख’ हे जहाज हिंदी गिरमिटियांना घेऊन पारामारिबोला पोहोचले. मळे थांबले नाहीत, हात बदलले. म्हणून 2023 साली गुलामगिरीच्या अंताचे स्मृतिवर्ष पाळताना 150 वर्षे 1873 पासून मोजली, ते अगदी रास्त झाले.

नुसता समारंभ पुरत नाही, हेही खरे. 2002 साली याच ओस्टरपार्कमध्ये गुलामगिरीच्या राष्ट्रीय स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा डच राणी आणि निमंत्रित आत होते. ज्यांच्या पूर्वजांसाठी स्मारक उभारले, ते लोक कुंपणाबाहेर. तो अपमान अनेकांच्या मनात राहिला. पण त्यावरून स्मरणच नको असे ठरत नाही, कुंपण नको एवढेच ठरते. हाल्सेमांच्या माफीआधी शहराने स्वतःच्या सहभागाचे संशोधन करवून घेतले, ते 2020 साली प्रसिद्ध केले. हाच योग्य क्रम आहे: आधी दप्तर उघडायचे, मग बोलायचे.

मुक्तीसाठी झटणाऱ्यांचे कौतुक करूच नये, असे कोणी म्हणत नाही. 1873 मध्येच जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना अर्पण केले. मात्र त्यांच्या उदाहरणावरून आपल्या देशबांधवांनी शूद्रांना मुक्त करावे, ही अपेक्षाही त्यांनी त्याच अर्पणपत्रिकेत नोंदवली. गौरव परक्यांचा केला, मागणी स्वतःच्या माणसांकडे केली. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरसभेने हीच मागणी स्वतःकडे केली, म्हणून तिच्या बाजूने उभे राहायचे.