भाडे मालकाचे, भिंत भाडेकरूच्या डोक्यावर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर व धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसे मारली, असे आपण म्हणतो. वस्तुतः किल्लारीपासून सास्तूरपर्यंत बहुतेकांचे प्राण घेतले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. घरच मारेकरी ठरते, हा धडा ज्या जिल्ह्याने एवढी किंमत मोजून घेतला, तेथे तरी भाड्याच्या खोलीची मजबुती घरमालकाच्या मर्जीवर सोडता कामा नये.

कायदा काय सांगतो? १९५४ च्या हैदराबाद कायद्याची जागा घेणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. तो जेथे लागू आहे तेथे जागा दुरुस्त ठेवण्याचे बंधन घरमालकावर आहे. त्याने ते मोडले तर? भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, वाट पाहावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नव्हे! महिना २,००० रुपये भरणाऱ्याच्या वाट्याला ६,००० रुपये येतात. तेवढ्यात गिलावा होईल. खचलेली भिंत सावरणार नाही.

उलट, नगरपरिषदेचा कर वजा जाता उरलेल्या भाड्यापैकी ३० टक्के रक्कम आयकर कायदा घरमालकाला सरसकट करमुक्त करून देतो. दुरुस्तीवर छदामही खर्चला नाही तरी चालते. पावती कोणी मागत नाही. जीव वाचवण्यासाठी केलेल्या खर्चाला मर्यादा आणि न केलेल्या खर्चाला सवलत, हा कोणता न्याय?

यावर गुंतवणुकीच्या परताव्याचे रडगाणे ऐकवले जाते. दोन खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणाऱ्या वृद्धेची अडचण खरी आहे. तिला दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज मिळालेच पाहिजे. पण दरसाल ४ टक्के भाडेवाढीची मुभा कायद्यानेच दिलेली असताना चाळीमागून चाळी उठवणाऱ्यांनी तिच्या पदराआड का लपावे? दुरुस्ती टाळून फुगवलेला परतावा ही भाडेकरूच्या जिवावरची नफेखोरीच होय.

धोकादायक इमारतीबाबत नोटीस बजावण्याचा अधिकार १९६५ च्या कायद्याने नगरपरिषदेला आहे. परंतु इमारत रिकामी झाली की प्रथम भाडेकरूच रस्त्यावर येतो. म्हणून तो तक्रार करण्यास धजत नाही.

तेव्हा घरमालकाची करसवलत दुरुस्तीच्या पावतीशी बांधावी; जीविताला धोका असेल तेथे एक चतुर्थांशाची अट उठवावी; दुरुस्तीनंतर त्याच भाडेकरूला त्याच जागी परतण्याची हमी मिळावी. जिल्ह्याच्या खासदारांनी संसदेत आणि आमदारांनी विधानसभेत यासाठी आवाज उठवला पाहिजे.