परमा : औषध एकास, रोग दोघांस

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत चिकित्सा करताना एक प्रसंग आम्हांस वारंवार अनुभवास येतो. कामानिमित्त मुंबई-पुण्यास राहणारा तरुण सणासुदीस गावी येतो, मान खाली घालून ‘उन्हाळी लागली आहे’ असे सांगतो आणि औषध घेऊन निघून जातो. काही महिन्यांनी त्याची पत्नी ‘अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते’ म्हणून येते. तिला आपण श्वेतप्रदराचे औषध देतो. या दोन तक्रारींचा संबंध आपण जोडतो काय?

प्रत्येक श्वेतप्रदर संसर्गजन्य नसतो, हे खरे. परंतु औपसर्गिक पूयमेह, म्हणजेच बोलीभाषेतील परमा, उष्ण पदार्थ खाल्ल्याने होत नाही. त्याचा जंतू अल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला. तो लैंगिक संबंधातून पसरतो. प्रसूतिसमयी मातेकडून बालकाच्या डोळ्यांस लागल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. पुरुषांत साधारणतः २ ते ७ दिवसांत मूत्रदाह व पूयस्राव दिसतो. अनेक स्त्रियांत मात्र लक्षणच नसते. रोग बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचल्यास वंध्यत्व येऊ शकते आणि दोष तिच्या माथी मारला जातो.

स्त्रियांचे हे मौन नवे नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले, पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या होत्या केवळ ८ टक्के.

सुश्रुताचार्यांनी औपसर्गिक रोगांच्या संक्रमणात ‘प्रसंग’ प्रथम सांगितला आहे. तेव्हा जोडीदाराचा विचार आपल्या शास्त्रास परका नाही. उपचार न झालेला जोडीदार हाच येथे हेतू. तो तसाच राहिला तर निदानपरिवर्जन कसले? चंद्रप्रभा, गोक्षुरादी गुग्गुळ यांनी दाह शमेल, परंतु जंतू गेला असे मानून चालणार नाही. असा रुग्ण शासकीय रुग्णालयात पाठवावा, पती-पत्नी दोघांची तपासणी व एकाच वेळी उपचार व्हावेत, एचआयव्ही व फिरंगाचीही तपासणी व्हावी. यात वैद्यास कमीपणा नाही.

औषधविक्रेते बंधूंनाही आमची विनंती आहे. चिठ्ठीविना सिप्रोफ्लॉक्सासिनच्या दोन गोळ्या देणे थांबवावे. हा जंतू त्या औषधास मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला आहे. सेफिक्झिम तर २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत असून त्याच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे.

नसरापूरहून वेल्ह्याकडील वाड्यावस्त्यांत गुप्तता राखणारा वैद्य हाच पहिला आधार असतो. म्हणून पुरुष रुग्णास औषध देताना ‘घरच्यांनाही घेऊन या’ एवढे वाक्य आपण एकांतात, दोषारोप न करता उच्चारावे, अशी आमची नम्र सूचना आहे.