आजीचं लुगडं आणि दोन चमचे जास्त पावडर

ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला मी आजीचं लुगडं नेसले. सुती, मोतिया रंगाचं, लालभडक काठांचं. कॉम्प्लिमेंट्स भरपूर, फोटो त्याहून जास्त आणि संध्याकाळी पदरावर चहा! शहाण्या मुलीने आईला फोन केला असता. मी पुण्याच्या फ्लॅटवर मशीन लावलं. गरम पाणी, वर पावडर दोन चमचे जास्त. चहा गेला, पण लुगडं गुलाबी होऊन बाहेर आलं.

आजीला जाऊन वर्ष होतंय. वर्षश्राद्धाला ते लुगडं हवंय, असं आईने सांगून ठेवलंय.

शनिवारी नगर गाठलं (कागदोपत्री अहिल्यानगर, आमच्या तोंडी अजून नगरच). घरी मात्र गेले नाही. शाळेतली मैत्रीण इथल्याच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, थेट तिच्या लॅबमध्ये. "चल, लुगड्याचं पोस्टमॉर्टेम करू," बाईसाहेब म्हणाल्या.

तिने मेथिलिन ब्लू काढलं. १८७६ सालचा रंग, पाण्यात धनभारित. आपल्या पावडरीतला मुख्य साबणी रेणू ऋणभारित. दोघांची जोडी जमते आणि ती पाणी सोडून क्लोरोफॉर्ममध्ये राहायला जाते. मुळा धरणाच्या नळाच्या पाण्यात तिने हे केलं, तर खालचा थर जवळपास रंगहीन. चिमूटभर पावडर घातल्यावर तोच थर निळाशार! पिण्याच्या पाण्यातला डिटर्जंट असाच मोजतात म्हणे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालतो.

मग तिने एका परीक्षानळीत सोडियम लॉरिल सल्फेट थोडं थोडं टाकलं. (शाम्पूच्या बाटलीवर हे नाव वाचलं असेल.) निळा रंग आधी जांभळट, आणखी टाकल्यावर परत निळा. शुद्ध पाण्यात लिटरमागे साधारण २.३ ग्रॅम झालं की हे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर असे गोळे करतात. त्यांना मायसेल म्हणतात. रंगाचे एकमेकांना चिकटलेले रेणू मग सुटे होऊन या गोळ्यांत शिरतात. मी चक्क पाच मिनिटं लुगडं विसरले.

"पण माझा काठ?"

"सुती कापडावरचे बरेच रंग ऋणभारित असतात. पावडरही ऋण. मग ती त्याला धरेल कशाला?" गरम, खारट-क्षारीय पाण्याने काठाचा सैल रंग सुटला, पावडरीने त्याला थारा दिला नाही आणि तो शेजारच्या मोतिया सुतावर जाऊन बसला. म्हणजे बहुतेक. काठाला नेमका कुठला रंग लावलाय, हे आजीलाही माहीत नसणार.

पहिल्या धुण्याला मीठ घालायची आईची पद्धत? अर्धी बरोबर. मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटतो, पण पक्का होत नाही. पक्का करायला धनभारित फिक्सर लागतो. आणि आजीचा गार पाण्यातला रिठा? त्यातल्या सॅपोनिनचा फेस होतो, पण तो पावडरीसारखा क्षारीय नसतो. आजीने केमिस्ट्रीचं पुस्तक कधी उघडलंही नव्हतं.

"गुलाबी काढता येईल?"

"काढायला गेलीस तर काठही निघेल."

हे लिहितेय तेव्हा लुगडं बॅगेत आहे. सोबत पाव किलो रिठे घेतलेत. रिक्षा आमच्या गल्लीत वळलीये आणि आई दारातच उभी आहे.