परीटघडी आणि घरचे धुणे

मराठी ललित गद्यात स्मरणरंजनाला तोटा नाही. आठवडी बाजार, एस.टी. स्टँड, पाटी-दप्तर यांच्यानंतर आता गावातली लाँड्री आणि घरात आलेले पहिले वॉशिंग मशीन यांची पाळी आलेली दिसते. विद्यार्थी असे लेख वर्गात आणतात. ते आम्हालाही भावतात, कारण आम्हा दोघींचे बालपण तालुक्याच्या गावातच गेले. तरीही या लेखनाविषयी आमची एक तक्रार आहे.

आमच्या गावची लाँड्री म्हणजे एक अरुंद खोली. दारात फळीवर घोंगडी अंथरलेली, तिच्यावर कोळशाची जड इस्त्री, मागे खळीची आणि निळीची बादली. कपडा कोणाच्या घरचा हे कळावे म्हणून कॉलरच्या आत बिब्ब्याची न पुसणारी खूण. कागदात बांधलेला गठ्ठा घरी आला की खळीचा नि कोळशाचा मिळून एक कोरडा वास सुटे. हा वास सगळ्याच लेखांत आहे. त्या गठ्ठ्यात वडिलांचे सदरे आणि आजोबांची धोतरे असत, आईचे पातळ मात्र सहसा नसे, ही नोंद कोणी केलेली नाही. तिचे पातळ घरच्या दगडावरच चुबकले जाई.

भाषेनेही इथे पंक्तिप्रपंच केला. परिटाला त्याच्या कष्टाचे मोल आणि मान मिळाला असे नव्हे. पण 'परीटघडी' या शब्दात त्याचे नाव तरी टिकले. एखाद्या लेखकाच्या शैलीला परीटघडीची म्हणताना समीक्षक तो शब्द सहज वापरतो. घरातल्या बाईने पिळून, झटकून, काठीने दांडीवर चढवलेल्या धुण्याला असा एकही शब्द लाभला नाही. तिच्या वाट्याला आले ते 'धुणीभांडी', आणि तो शब्द आपण हिणवण्यासाठीच वापरतो.

पुढे दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन आले. त्याला सुती आच्छादन शिवले गेले, शेजारणी पाहायला आल्या. आठवणींच्या लेखांत मशीन येते ते इथपर्यंत. प्रत्यक्षात नळाला पाणी असेतो नळीने टब भरायचा, साबणाचे पाणी सोडून पुन्हा भरायचा, ओले जड कपडे उचलून शेजारच्या ड्रायरमध्ये नीट बसवायचे. कमीजास्त झाले तर यंत्र थडथडत जागेवरून सरके. म्हणजे बाई तिथून हलू शकत नसे. शिवाय घरात मशीन असताना बाहेर धुलाई कशाला, म्हणून वडिलांचे सदरेही त्यातच पडू लागले. लाँड्रीत उरली ती फक्त इस्त्री.

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार स्त्रीने 'मोअर वर्क फॉर मदर' (१९८३) या ग्रंथात तिकडचे असेच चित्र मांडले आहे: धुलाई व्यावसायिक लाँड्रीकडे गेली होती, घरगुती यंत्राने ती पुन्हा गृहिणीकडे आणली. याच्या उलट साक्षही आहे. स्वीडनचे हान्स रोसलिंग यांनी २०१० मधल्या एका व्याख्यानात सांगितले, की घरी मशीन आले तेव्हा आजी त्याच्यासमोर बसून कपडे फिरताना पाहत राहिली, आणि वाचलेल्या वेळात आई त्यांना ग्रंथालयात नेऊ लागली. हे व्याख्यान आम्हाला आवडते. पण त्या स्वयंचलित यंत्राला पाण्याची वाट पाहावी लागत नव्हती, आणि मोकळा झालेला वेळ निदान काही अंशी त्या आईच्या हाती राहिला. विद्यार्थ्यांनी यंत्राच्या रंगाइतकेच या वेळेबद्दलही लिहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आमच्यापैकी एकीने आईला अलीकडे विचारले, "मशीन आल्यावर तुझा वेळ वाचला का गं?" ती म्हणाली, "वाचला की. तेव्हापासून तुम्ही रोज धुतलेला गणवेश मागायला लागलात."