आठ सेकंदांचं हेल्मेट

रोजच्या वापरालाही एरो हेल्मेटच घ्यावं, असं म्हणणारे सोलापुरात हल्ली बरेच भेटतात. रविवारी पहाटे तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याच्या तलावापर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाऊन येणारे, परतताना टपरीवर चहा घेणारे आणि चहा संपला तरी वॉटचा हिशेब न संपवणारे हे लोक. माणसं अभ्यासू आहेत. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊन चालणार नाही, आधी ते पुरतं मांडायला हवं.

त्यांचा पूर्वपक्ष असा. सायकलवाल्याचा खरा शत्रू चढ नाही, हवा आहे. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या पुढे गेलात की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. भरपूर भोकांच्या साध्या हेल्मेटमध्ये वारा शिरतो, आत घुटमळतो आणि मागे ओढ निर्माण करतो. एरो हेल्मेटचं कवच गुळगुळीत, भोकं मोजकी, पाठीमागची बाजू आखूड आणि गोलसर. वजनात फरक थोडा. डोक्यावर काहीतरी घालायचंच आहे, तर वेग देणारं का घालू नये? आणि पुरावा म्हणून ते ग्रेग लेमाँडला साक्षीला बोलावतात.

ती साक्ष खरीच जबरदस्त आहे. २३ जुलै १९८९, टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस साडेचोवीस किलोमीटरची एकट्याने घड्याळाशी शर्यत. लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याच्या सायकलला पुढे कोपरं टेकवायचे एरो दांडे होते, डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट. आघाडीवर असलेला लॉरां फिन्याँ मात्र उघड्या डोक्याने, मागे केसांची शेपटी उडवत निघाला. लेमाँडने सरासरी ५४.५ किलोमीटरचा वेग काढला आणि अख्खी टूर अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. तेव्हापासून जगातला प्रत्येक एरो हेल्मेटवाला हे आठ सेकंद खिशात घेऊन फिरतो.

पण साक्षीदाराची उलटतपासणी करायला नको? लेमाँड त्या दिवशी अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळ सायकलवर होता. रस्ता त्याच्यासाठी मोकळा केलेला. त्या आठ सेकंदांत हेल्मेटचा वाटा किती, दांड्यांचा किती आणि फिन्याँच्या बुडाच्या दुखण्याचा किती, हे वेगळं काढायला गेलात तर आठातले हेल्मेटच्या वाट्याला किती उरतील कोण जाणे. दुसरं उदाहरण देतात मार्क कॅव्हेंडिशचं. २०११च्या जागतिक अजिंक्यपद शर्यतीत त्याने साध्या हेल्मेटच्या भोकांवर प्लास्टिकचं आवरण चढवलं आणि शर्यत मारली. त्यानंतर दोनेक वर्षांत बड्या कंपन्यांनी रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तयार एरो हेल्मेट बाजारात आणली, हेही खरं. फक्त ती शर्यत कोपनहेगनला झाली होती, सप्टेंबरच्या शेवटी. कोपनहेगनचा सप्टेंबर आणि सोलापूरचा एप्रिल यांची गाठ घालून देणारा युक्तिवाद मला तरी अजून ऐकायला मिळालेला नाही. ज्यांना हेल्मेट फुकट मिळतं ते व्यावसायिक शर्यतवीरसुद्धा कडक उन्हातल्या घाटाच्या टप्प्याला एरो बाजूला ठेवून भोकांचं हेल्मेट घालतात, ही गोष्ट चहाच्या टपरीवर कुणी काढत नाही.

आता हिशेब. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. समजा, ताशी ४० च्या वेगाला एरो हेल्मेट सहा वॉट वाचवतं. वेग निम्मा केला, म्हणजे २०, की बचत एक अष्टमांश होते, पाऊण वॉट. घरून निघून सात रस्त्यावरून नव्या पेठेकडे जाणाऱ्या माणसाचा सरासरी वेग २० सुद्धा नसतो. पाऊण वॉट चाकात हवा थोडी कमी असली तरी जातो, चेन कोरडी असली तरी जातो.

यावर जाणकार एरोवाला गप्प बसत नाही, आणि त्याची दोन उत्तरं वजनदार आहेत. पहिलं उत्तर वाऱ्याचं. जून-जुलैत पुणे रस्त्याने केगावच्या विद्यापीठाकडे निघालात तर पश्चिमेचा वारा छातीवर बसतो. तुम्ही २० ने चाललात आणि वारा २० ने समोरून आला तर डोक्याला ४० चीच हवा लागते. बरोबर आहे. मात्र ताकदीचा हिशेब करताना हवेचा विरोध सायकलच्या जमिनीवरच्या वेगाने गुणायचा असतो आणि तो अजून २० च आहे. म्हणजे बचत सहा नव्हे, तीन वॉट. तरीही तीन म्हणजे पाऊणपेक्षा चौपट, हे मान्य करायला हवं. दुसरं उत्तर त्याहून मजेदार आहे. हळू चालणाऱ्याचे सेकंद जास्त वाचतात! हेही खरं, कारण तो रस्त्यावरच जास्त वेळ असतो. ताशी २५ ने चाळीस किलोमीटर, म्हणजे साधारण अक्कलकोटपर्यंत एकट्याने गेलात, तर पाऊण मिनिटाच्या आत-बाहेर बचत निघू शकते. ४० ने जाणाऱ्याची अर्ध्या मिनिटाच्या आसपास. कागदावर हा मुद्दा मी त्यांना देऊन टाकतो. पण त्यासाठी एकट्याने जायला हवं, कुणाच्या मागे लपायचं नाही, थांबायचं नाही. शहरात प्रत्येक चौकात सायकल थांबते आणि पुन्हा शून्यापासून उचलावी लागते. तिथे ताकद हवेत जात नाही, पुन्हा पुन्हा वेग घेण्यात जाते. एका लाल सिग्नलला अक्कलकोटची सगळी कमाई खर्ची पडते.

लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांचंही हेच. ब्रेव्हे म्हणवल्या जाणाऱ्या त्यांच्या लांब फेऱ्यांच्या नियमाप्रमाणे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला चाळीस. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराची सरासरी राखली की झालं. तिथे माणूस थकतो तो उन्हाने, झोपेने आणि बुडाच्या दुखण्याने.

उन्हाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण माझ्या मते सोलापुरात निकाल तिथेच लागतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळीस-बेचाळीसवर असतो. एरोवाला म्हणतो, हवाच बेचाळीस अंशांची असेल तर भोकांतून गार वारा थोडाच येणार? गरमच येणार. मग भोकं हवीत कशाला? ऐकायला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. कातडीचं तापमान पस्तिसाच्या आसपास असतं, त्यामुळे बेचाळीस अंशांचा वारा डोक्याला गारवा न देता उष्णताच देतो, इथपर्यंत तो बरोबरच आहे. पण शरीर गार होतं ते घाम उडून जाताना. सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी असल्याने घाम पटकन उडतो, अट एवढीच की ओलसर झालेली हवा हलून जायला हवी आणि तिच्या जागी कोरडी यायला हवी. माठातलं पाणी बेचाळीस अंशांच्या झळांतच गार होतं, पण त्याच माठाला प्लास्टिक गुंडाळून ठेवा आणि संध्याकाळी पाणी पिऊन बघा. बंद कवचाच्या हेल्मेटमध्ये ताशी १५ च्या वेगाला डोक्याचं तेच होतं. एरो हेल्मेटच्या आतल्या खाचांतूनही हवा खेळते हे मला ठाऊक आहे, पण त्या खाचा शर्यतीच्या वेगासाठी आखलेल्या असतात. चौकात उभं राहिल्यावर त्या काहीच करत नाहीत.

राहिलं डोक्यावर पडणारं थेट ऊन. बंद कवच ते अडवतं, भोकं अडवत नाहीत; टक्कल असलेल्यांच्या डोक्यावर भोकांचे ठसे उमटतात, ही थट्टा नाही. त्यावर उपाय म्हणजे हेल्मेटखाली पातळ सुती टोपी. निघताना ती ओली करून पिळून घातली तर वरून वारा आणि आतून ओल, दोन्ही मिळतात. जाड टॉवेलची घडी मात्र नको. सोलापुरी टॉवेलचा अभिमान इथे बाजूला ठेवावा, कारण त्याच्या जाडीने हेल्मेट वर उचललं जातं आणि डोक्यावर डुगडुगतं. डुगडुगणारं हेल्मेट पडताना जागेवर राहत नाही.

आता पडण्याबद्दल. एरोवाल्यांचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. गुळगुळीत, गोल कवच रस्त्यावर घसरतं, अडकत नाही. टोकं, कंगोरे आणि मागे आलेली शेपटी खडीत अडकली तर मान पिळली जाते. म्हणून एरोकडून घ्यायचीच असेल तर ही गोलाई घ्यावी. पण एरो महाग म्हणून जास्त वाचवतं, हे साफ चूक. युरोपच्या इएन १०७८ मानकात हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडावर आपटतात, अमेरिकेच्या सीपीएससी मानकात दोन मीटरवरून. वीस हजारांच्या हेल्मेटला आणि दोन हजारांच्या हेल्मेटला परीक्षा एकच, पास होण्याचे गुणही तेच. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटना तारे देतं. त्या यादीत स्वस्त हेल्मेटनीही पाच तारे मिळवले आहेत. थोडे पैसे वर खर्च करायचेच असतील तर आत मिप्ससारखा सरकता थर असलेलं घ्यावं. डोकं तिरकं आपटलं की मेंदूला जो पीळ बसतो तो कमी करण्यासाठी स्वीडनमधल्या संशोधकांनी तो काढला. वाऱ्याच्या बोगद्यात वाचलेल्या वॉटपेक्षा मला तो खर्च समजू शकतो.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील. ‘बघा, आम्ही म्हणतच होतो, सायकलला हेल्मेटच कशाला? लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा झाला की सायकलींचा पूर लोटायचा. कुणाच्या डोक्यावर काय होतं?’ त्यांच्या टाळ्या मला नकोत. त्या काळी रस्ताच सायकलींचा होता. आज ऊसतोडणीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागचा दिवा नसताना अंधारात चाललेले असतात आणि सांडलेल्या उसावरून चाक घसरतं. ट्रॅक्टरखाली सापडलेल्याला कुठलंच हेल्मेट वाचवू शकणार नाही, मानकांमध्ये ट्रॅक्टरचा हिशेब नाही. पण उसावरून घसरणं, न रंगवलेल्या गतिरोधकावर उडणं, आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकवताना कोसळणं, हे सगळं त्या दीड-दोन मीटरच्या परीक्षेतलंच पडणं आहे. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलवाल्याला कायद्याची सक्ती नाही. सक्ती नाही म्हणून डोकं आपटणार नाही असा मात्र कुठे नियम नाही. स्कूटरचं हेल्मेट घालून सायकल चालवणारेही दिसतात. ते किलोभराचं आणि चारी बाजूंनी बंद असतं. उन्हाळ्यात घालणारे आठवडाभर टिकतात, मग तेही सोडतात.

आणि रोजचा वापर म्हणजे नेमका कुणाचा? अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जाणारा, कॅरिअरला डबा अडकवलेला कामगार हाच सोलापूरचा खरा रोजचा सायकलवाला आहे, आणि एरो की साधं या वादात त्याला कुणी विचारत नाही. त्याला परवडेल, त्याच्या घामाने खराब झालं तर आतलं अस्तर काढून धुता येईल, कामावर खिळ्याला टांगता येईल असं हेल्मेट तेच रोजच्या वापराचं. वीस हजारांचं हेल्मेट सायकलच्या दांड्याला अडकवून भाजी घ्यायला जाण्याची हिंमत ते विकत घेणाराही करत नाही. ते घरी कपाटात राहतं, आणि भाजीला जाताना डोकं उघडं.

तेव्हा माझी निवड अशी: बाहेरून गोल आणि गुळगुळीत, पुढून मोठी आणि मागून हवा बाहेर जाईल अशी भोकं, आत मानकाची चिठ्ठी, पाठीमागे घट्ट करायची चकती, हलकं आणि फिक्या रंगाचं. बसवताना भुवईच्या वर दोन बोटं, गळ्याचा पट्टा आणि हनुवटी यांत एखाद-दुसरं बोट जाईल इतकीच जागा. एकदा जोरात आपटलं की टाकून द्यायचं, वरून चीर दिसो वा न दिसो. आतला थर्माकोलच्या जातीचा फेस एकदाच दबतो.

घड्याळाशी शर्यत करणाऱ्याने एरो जरूर घ्यावं, त्याच्यासाठीच ते बनलं आहे. पण रोजसाठी दुसरं घ्यावं. आणि कुणी एकाच हेल्मेटवर दोन्ही भागवायचं म्हणत असेल, तर त्याने ते दुकानाच्या एसीत आरशासमोर घालून ठरवू नये. मे महिन्यात दुपारी तीनला दुकानाबाहेरच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं ते घालून उभं राहावं, मगच पैसे मोजावेत. दुकानदार नाही म्हणाला तर हिवाळ्यात घेऊ म्हणून परत यावं. किंमत तोवर उतरलेलीच असेल, कारण नवं मॉडेल आलेलं असेल.