सोंग म्हणणारे आपण

सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी मानवधर्म सभा काढली. या सभेने भुताखेतांच्या भयावर उघड हल्ला चढवला आणि मंत्राचा दावा करणाऱ्यांना तो लोकांसमोर सिद्ध करून दाखवण्याचे आव्हान दिले. त्याला एकशे ऐंशी वर्षे होऊन गेली. आज त्याच शहरात, लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत राहणारे आम्ही खानदेशी लोक आजारी सुनेला भूत लागले असे सहसा म्हणत नाही. आम्ही म्हणतो, ‘तिला काही झालेलं नाही, सोंग करते.’ शब्द बदलला, अपराध तोच राहिला. जो आजार आम्हाला कळत नाही, त्याची शिक्षा आम्ही आजाऱ्यालाच देतो.

मी तापानंतर न उठणाऱ्या माणसांबद्दल बोलतो आहे. डेंग्यू होतो, चिकुनगुनिया होतो, कोरोना होऊन जातो, कधी नुसताच ‘व्हायरल’. ताप उतरतो. बहुतेक जण काही आठवड्यांत कामाला लागतात. काही लागत नाहीत. चार बादल्या पाणी भरले, दोन कपडे धुतले, की दुसऱ्या दिवशी अंगात त्राण उरत नाही. रात्रभर झोपूनही शीण जात नाही. उभे राहिले की घेरी येते, बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही. हे महिनोन् महिने चालते, कुणाचे वर्षानुवर्षे. डॉक्टरी भाषेत याच्या एका रूपाला मायल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. श्रमानंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी किंवा त्याही पुढे, प्रकृती ढासळणे ही त्याची मुख्य खूण. तो पकडणारी रक्ताची एकही खात्रीची तपासणी अजून नाही. म्हणून कागदावर येते ‘रिपोर्ट नॉर्मल’, आणि या दोन शब्दांवर घरातली माणसे निकाल देऊन मोकळी होतात.

अडाण्यांनीच असे केले असते तर समजूत तरी घालता आली असती. पण लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात १९५५ साली २९२ कर्मचारी अशा आजाराने पडले, रुग्णालय दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले, आणि पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी एकाही रोग्याला न भेटता जुने कागद चाळून हा सामूहिक उन्माद होता असे छापले. त्यांच्या मुख्य पुराव्यांपैकी एक असा, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या! असल्या कारणावर शिकलेले लोक बाईची साक्ष खोटी ठरवतात, मग लिंबायतच्या सासूला मी काय बोल लावू?

पुढे २०११ मध्ये ब्रिटनमधल्या ६४१ रोग्यांवरचा पेस नावाचा प्रयोग ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. समुपदेशन करा, हळूहळू व्यायाम वाढवा, रोगी सुधारतात, असा त्याचा निष्कर्ष. आजारी कामगारांना भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याचाही त्यात पैसा होता. प्रयोगात घेताना शारीरिक क्षमतेचे गुण ६५ किंवा त्याहून कमी असले की माणूस आजारी धरला. ‘बरा झाला’ म्हणण्याची पायरी मात्र पुढे ६० वर आणली. म्हणजे प्रकृती थोडी खालावूनही त्या मोजमापावर माणूस बरा ठरू शकत होता. ही गफलत रोग्यांनी स्वतः, अंथरुणातून, शोधून काढली. आकडे मिळवायला त्यांना २०१६ साली न्यायाधिकरणापर्यंत झगडावे लागले. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस संस्थेने ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवण्याचा सल्ला या आजारासाठी मागे घेतला. आजही हमखास औषध नाही, आणि डॉक्टरांतला वाद मिटलेला नाही.

आपल्या शेजारचा एक अभ्यासही सांगतो, कारण तो दुसऱ्या बाजूने डोळे उघडतो. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा टक्के बायका दीर्घ थकव्याने त्रस्त होत्या. त्या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. सापडला तो गरिबीशी, उपासमारीशी, मनाच्या दुखण्याशी आणि नवऱ्याने केलेल्या लैंगिक जबरदस्तीशी. त्यातला प्रत्येक थकवा म्हणजे वर सांगितलेला आजार नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण मन दुखावलेले म्हणून थकवा खोटा, असे म्हणणाराही तितकाच निर्दय आहे. बाईच्या थकव्यावर लोहाच्या गोळ्या आणि सलाईनची बाटली देऊन तिला घरी पाठवतो, तेव्हा तिच्या घरात काय चालले आहे हे आपण विचारतच नाही.

आता सुरतेकडे या. इथे लूमवर बारा तासांची पाळी असते आणि पगार मीटरवर. घरी बसून साडीचे धागे कापणाऱ्या, टिकल्या चिकटवणाऱ्या बाईला नगावर पैसे मिळतात. या आजारात जपून, थांबून, अंगाला झेपेल तेवढेच काम करणे हाच आधार, आणि नेमके तेच इथे माणसाला परवडत नाही. खाडा पडला की मजुरी गेली, दोन आठवडे खाडा पडला की मशीन दुसऱ्याकडे गेले. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवस सत्तर टक्के पगार मिळतो. ठरावीक ३४ दीर्घ आजारांत ही मदत पुढेही चालते, पण त्या यादीत हा आजार नाही. आणि ज्याचे नाव कारखान्याच्या मस्टरवरच चढवलेले नाही, त्याला ९१ दिवसांचे तरी काय? त्याच्या घामावर मार्केटचे गाळे उभे राहिले, आणि तो पडला तेव्हा शेठने त्याला कामचोर म्हटले. हे मी अन्याय म्हणतो, दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

या शहराला आजार ओळखता येत नाही असे नाही. १९९४ च्या प्लेगमध्ये लाखो लोक सुरत सोडून पळाले. पुढच्याच वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले आणि हे शहर असे स्वच्छ झाले की देशाने दाखले दिले. तापाचे रोगी मोजता येतात, मेलेले मोजता येतात. ताप उतरल्यावर तीन महिन्यांनीही जो उठला नाही, त्याला कोण मोजतो? महापालिकेने तापाच्या रोग्यांकडे तीन महिन्यांनी पुन्हा माणूस पाठवावा. डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हणण्याऐवजी ‘मला अजून सापडलेले नाही’ म्हणावे आणि रोग्याला नेटाने चालायला लावण्याआधी चालल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते ते विचारावे.

राहिलो आपण, घरातली माणसे. आजारी सुनेला ताप्ती लाइनच्या गाडीत बसवून नंदुरबारला, अमळनेरला माहेरी पोचवणारे आणि ‘बरी झाली की आणा’ म्हणणारे आपणच. अजूनही कधी भगताकडे नेणारे आपण, नातेवाइकांत ‘आळशी निघाली’ म्हणून सांगत सुटणारेही आपणच. तुमच्या घरात असे कुणी पडून असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या उशाशी बसा. काल काम केल्यावर आज कसं वाटतंय, एवढे विचारा, आणि मिळेल ते उत्तर खरे माना.