बळाची बचत, वेगाची कमाई

पावसाळा आला की उल्हास नदी खरवई-बदलापूरच्या परिसराला आपल्या सामर्थ्याची आठवण करून देते. २००५ च्या जुलैतील महापूर येथील रहिवासी विसरलेले नाहीत. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्याने वेढली गेली, तेव्हा शेकडो प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. कोंडेश्वरच्या कुंडात वा नदीच्या डोहात तरुण बुडाल्याच्या वार्ताही पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. इतके पाणी ज्यांच्या दाराशी आहे, त्यांच्यात पोहणे हा अजूनही हौसेचा, आणि बहुतेकांच्या मते अंगबळाचा विषय आहे. हा समज किती चुकीचा आहे, हे स्पर्धात्मक पोहण्याच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. त्या इतिहासाचा धडा केवळ खेळाडूंपुरता नाही.

अथेन्सच्या १८९६ मधील ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या आल्फ्रेड हायोशने समुद्राच्या थंड पाण्यात शंभर मीटर अंतर १ मिनिट २२.२ सेकंदांत तोडले. पॅरिस येथे २०२४ मध्ये चीनच्या पान झान्लेने तेच अंतर ४६.४० सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. या तफावतीचे सारे श्रेय तंत्राला देता येणार नाही. स्थिर पाण्याचे तलाव, लाटा शोषणाऱ्या दोऱ्या, सूर मारण्याची आणि भिंतीपाशी वळण्याची सुधारलेली रीत, पूर्णवेळ सराव यांचाही त्यात वाटा आहे. परंतु या सर्वांच्या मुळाशी पाण्यातील हालचालीचा एक नवा हिशेब आहे.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पोहणाऱ्यांना छातीवरचे संथ पोहणेच सभ्य वाटे. १८७३ च्या सुमारास जॉन ट्रजनने दक्षिण अमेरिकेत पाहिलेली, हात पाण्याबाहेरून पुढे टाकण्याची पद्धत लंडनला आणली. पाय मात्र कात्रीसारखेच चालत राहिले. पुढे ऑस्ट्रेलियातील कॅव्हिल घराण्याने आणि सॉलोमन बेटांतून आलेल्या अ‍ॅलिक विकॅमने पायांची वरखाली मार रूढ केली. हवाई बेटांचा ड्यूक कहानामोकू १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये याच पद्धतीने जिंकला आणि १९२२ मध्ये जॉनी वाइसमुलरने शंभर मीटरसाठी एका मिनिटाची मर्यादा प्रथमच ओलांडली. ‘फ्रीस्टाईल’ या शर्यतीत पोहण्याचा प्रकार निवडण्याची मुभा आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. असे असूनही सारे स्पर्धक क्रॉलच निवडतात. ही निवड नियमाने लादलेली नाही. कमी खर्चात अधिक वेग देणारी पद्धत खुल्या स्पर्धेत टिकली, इतकाच त्याचा अर्थ.

या खर्चाचे गणित मोठे कठोर आहे. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो विरोध मोडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट हवी. वेगात दहा टक्के वाढ हवी असेल तर सुमारे तेहतीस टक्के अधिक शक्ती ओतावी लागेल. अर्थशास्त्रात ज्याला घटत्या फलाचा नियम म्हणतात, त्याचे याहून ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण. अशा स्थितीत शहाणा माणूस उत्पन्न वाढवण्याआधी गळती थांबवतो. आधुनिक फ्रीस्टाईलने नेमके हेच केले.

विहिरीवर भोपळा किंवा डबा पाठीला बांधून शिकलेला मुलगा मान वर ठेवून हात आपटतो. डोके वर गेले की कंबर व पाय खाली बुडतात आणि सारे अंग पाण्याला आडवे येते. तंत्रशुद्ध पोहणारा मान कण्याच्या रेषेत ठेवतो आणि नजर तळाकडे लावतो. प्रत्येक हाताबरोबर त्याचे धड कुशीवर वळते, त्यामुळे हात दूरवर पोहोचतो आणि श्वासासाठी मान उचलावी लागत नाही. ती बाजूला किंचित वळवली की पुरते. उच्छ्वास पाण्यातच होतो. कोपर उंच राहून तळवा व मनगटापासूनचा हात मिळून वल्ह्याचे काम करतात. लांब पल्ल्यासाठी पायांची मार कमी ठेवून प्राणवायूची बचत केली जाते. वेग म्हणजे एका हातात कापलेले अंतर गुणिले हातांची गती. नवशिका केवळ गती वाढवतो, जाणता आधी अंतर वाढवतो.

या विचाराला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन अग्रगण्य होते. पाण्याखालील छायाचित्रणाच्या साह्याने त्यांनी हातांचा प्रत्यक्ष मार्ग अभ्यासला. हात पाण्याला कसा रेटतो याविषयीची त्यांची काही उपपत्ती पुढे संशोधकांनी दुरुस्त केली, पण पाहून, मोजून शिकवण्याची त्यांची रीत टिकली. त्यांचा शिष्य मार्क स्पिट्झ १९७२ मध्ये सात सुवर्णपदके जिंकून गेला आणि स्वतः काउन्सिलमन १९७९ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले.

यावर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, आदर्श शैली म्हणून काही नसतेच. अमेरिकेची जॅनेट इव्हान्स आखूड व अतिजलद हात मारी, तरी तिचा १९८९ मधील आठशे मीटरचा विक्रम २००८ पर्यंत अबाधित होता. हे खरे आहे. परंतु तिची काटकसर तिच्या लहान देहयष्टीला साजेशी होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. दुसरा आक्षेप पोशाखाचा. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत प्लास्टिकसदृश पोशाखांच्या जोरावर त्रेचाळीस विश्वविक्रम मोडले गेले आणि २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी आली. तथापि तेथील शंभर मीटरचा ४६.९१ सेकंदांचा विक्रम २०२२ मध्ये साध्या कापडी पोशाखात मोडला, तो डेव्हिड पोपोविची या सतरा वर्षांच्या सडपातळ रुमानियन मुलाने. विकत घेतलेली कार्यक्षमता शिकलेल्या कार्यक्षमतेपुढे अखेर मागे पडली.

महाराष्ट्राला हे परके नाही. १९६५ च्या युद्धात जखमी होऊन कमरेखाली अधू झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर फ्रीस्टाईलमध्ये ३७.३३ सेकंदांच्या विक्रमी वेळेसह सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. पायांची साथ नसताना मिळवलेले हे यश अंगबळाच्या कल्पनेला चोख उत्तर आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत याच अंतरात चौथा आला. कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. एवढ्या सूक्ष्म अंतरात हाताच्या एका चुकार फटक्याचीही किंमत मोजावी लागते.

तेव्हा खरवईसारख्या, कारखाने आणि वाढत्या वस्तीच्या परिसराने यातून काय घ्यावे? तरणतलाव हे महागडे स्थिर भांडवल आहे. तो बांधून, कोनशिलेवर नावे कोरून नगरपालिकांचे कर्तव्य संपते, अशी समजूत सर्वत्र आढळते. पण शिकवणाऱ्यावाचून तलाव म्हणजे शिक्षकाविना शाळेची इमारत. उलट श्वास पाण्यात सोडणे, अंग आडवे तरंगते ठेवणे, न घाबरता कुशीवर वळणे हे ज्ञान एकदा मिळाले की त्याचा देखभालखर्च शून्य असतो. शालेय मुलांना प्रशिक्षित शिक्षकाच्या नजरेखाली, उथळ पाण्यात, हे प्रथम शिकवले जावे; शर्यती नंतर येतील. पुराच्या लोंढ्यापुढे उत्तम पोहणाराही दुबळाच ठरतो, म्हणून त्याच शिक्षणात नदीत केव्हा उतरू नये हेही आले पाहिजे. अंदाजपत्रकात तलावासाठी रक्कम राखणाऱ्यांनी शेजारीच शिक्षकांच्या वेतनाचीही ओळ लिहावी. त्या ओळीवाचून पहिली रक्कम मंजूर होऊ नये, हे पाहणे नागरिकांच्या हाती आहे.